पिवळ्या पट्ट्याच्या स्प्रिंगा

मोटरसायकल विकून टाकायची, म्हणूनच समीक्षाने ती तीन वर्षांनंतर ताडपत्रीखालून बाहेर काढली. गोव्याचा एक जण घ्यायला तयार होता. पुढच्या चाकाच्या फोर्कमधून तेल गळतंय तेवढं थांबवून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. काम अर्ध्या दिवसाचं. सील बदलायचं, तेल भरायचं, गाडी टेम्पोत चढवायची आणि विषय संपवायचा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात युसुफ होडेकरांचं वर्कशॉप होतं. मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं तिथे दुरुस्तीला येत. आयटीआय झालेली समीक्षा गेली अडीच वर्षं तिथेच कामाला होती. सुरुवातीला खलाशी तिच्याकडे बघून "चाचा, ही पोरगी इंजिन उघडणार?" म्हणून हसायचे. आता तेच खलाशी चाचांना ओलांडून आधी तिला हाक मारत. त्या दिवशी शुक्रवार होता, बोटी धक्क्याला होत्या, हाताला काम नव्हतं. तिने गाडी वर्कशॉपच्या मधोमध घेतली आणि फोर्कच्या डाव्या नळीचं झाकण पान्याने सैल केलं.

शेवटच्या आट्याला ते झाकण असं उडालं, की तिच्या कपाळाला लागता लागता राहिलं. आतली स्प्रिंग थोडी दाबलेली असते हे तिला ठाऊक होतं. पण इतकी? तिने नळीत चिमटा घातला. आधी निळ्या प्लॅस्टिक पाइपचा चार बोटं लांबीचा तुकडा बाहेर आला, आंब्याच्या बागेला पाणी द्यायला लावतात तसल्या पाइपचा. त्याच्या खाली स्प्रिंग. जाड तारेची, आणि वरच्या वेढ्यांवर पिवळ्या रंगाचा पट्टा.

"काय गो, भूत बघितलंस काय?" युसुफचाचांनी चहाचा पेला खाली ठेवत विचारलं.

"चाचा, ही स्प्रिंग माझी नाही."

"मग कोणाची?"

"ऋत्विकची," ती म्हणाली. दुसरी नळी उघडायची गरज नव्हती, तरी तिने उघडली. तिथेही तेच. निळा तुकडा, जाड तार, पिवळा पट्टा.

ट्रायल्सची मोटरसायकल म्हणजे बिनसीटची गाडी. शर्यतीतली असली तरी तिला वेगाशी देणंघेणं नसतं. स्वार पाय ठेवायच्या दांड्यांवर उभा राहून दगडधोंड्यांवरून, कातळाच्या पायऱ्यांवरून, वाहत्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, ती अलगद चालवतो, आणि मधे पाय टेकला की एक गुण चढतो. पडलं किंवा इंजिन बंद पडलं की पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. अशा गाडीत स्प्रिंगा स्वाराच्या वजनाच्या हव्यात. तो उभा राहिला की गाडी दोन-अडीच इंच खाली बसली पाहिजे, म्हणजे मग तिला दाबून उडवता येतं, धोंड्याला चिकटवून ठेवता येतं. समीक्षाचं वजन सत्तेचाळीस किलो. ऋत्विकचं तेव्हा अठ्ठ्याऐंशी. त्याच्या स्प्रिंगा, त्यावर पाइप घालून आणखी आवळलेल्या, अशा गाडीवर ती उभी राहिली तर पुढचा भाग बसणारच नव्हता. धोंड्यावर आपटून चाक चेंडूसारखं उसळणार, दुसरं काय होणार?

आणि तसंच झालं होतं.

रत्नागिरीबाहेरच्या कातळी सड्यावर ऋत्विकच्या घरच्यांची जमीन होती, तिथेच त्याने क्लब काढला होता. पंधरा-वीस जण होते. परदेशातून आलेल्या गाड्यांचे फोर्क नाजूक असतात, कोणी हात लावायचा नाही, ते मीच उघडणार, असा त्याचा नियम. सगळ्यांना तो बरा वाटायचा, कारण तो फुकट करून द्यायचा. पोफळीच्या कॉलनीत उतारावर सायकली उडवत वाढलेली समीक्षा क्लबात आली आणि दोन वर्षांत ऋत्विकच्या बरोबरीला पोचली. मग एका टायर कंपनीने जाहीर केलं की दोघांतल्या एकाला वर्षभर प्रशिक्षणाला परदेशी पाठवू, पुढेही पाठीशी राहू. निवडीच्या आदल्या आठवड्यात ऋत्विक तिला म्हणाला होता, "गाडी माझ्याकडे सोड. नवीन सील टाकतो. आणि तुझ्यासाठी हलक्या स्प्रिंगा मागवल्यात, त्याही घालतो." तिने त्याचे आभार मानले होते. वर घरच्या रातांब्यांचं आगळ नेऊन दिलं होतं.

गाडी परत आली तेव्हा ती म्हणाली होती, "कडक वाटते रे."

"नवीन स्प्रिंगा आहेत, मोकळ्या व्हायला वेळ लागतो. आणि अंगात जोर आण जरा. भात खा."

सगळे हसले होते. तीही हसली होती.

निवडीच्या दिवशी चौथ्या टप्प्यात कमरेएवढ्या कातळावर पुढचं चाक टेकलं आणि उलटं उसळलं. गाडी अंगावर आली. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात तिला नेलं ते ऋत्विकनेच. प्लॅस्टर घातलेल्या हाताशेजारी उभं राहून त्याने फोटोही काढला. परदेशी तो गेला. एसटी स्टँडसमोर त्याचा फलक लागला, हवेत उडालेली गाडी आणि खाली टायरचं नाव. आणि समीक्षा तीन वर्षं स्वतःला एकच सांगत राहिली, की ऐन वेळी मी घाबरले. मी हात आखडला. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, पोफळीला वडिलांना फोनवर रडत सांगितलं. ऋत्विकने दोनदा ती गाडी विकत मागितली होती. "तुला बघवणार नाही ती," म्हणाला होता. तिला त्यातही त्याची माया दिसली होती.

त्या शुक्रवारी ती वर्कशॉपच्या पायरीवर बसली, दोन्ही स्प्रिंगा मांडीवर घेऊन. घाबरली नव्हती ती. तीन वर्षं उगाच स्वतःची लाज बाळगली होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. राग थंड आणि घट्ट होऊन आत बसला, आणि तो बरा वाटत होता.

"गोव्याच्या माणसाला फोन करा, नको म्हणून सांगा," ती म्हणाली.

"तू कर. मी कशाला करू?" चाचा म्हणाले. "आणि त्या ऋत्विकचं काय करणार हायस?"

"त्याला मोडणार."

चाचांना समजावता आलं असतं, पण त्यांनी पेला उचलला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. कोल्हापूरच्या स्प्रिंग वळणाऱ्या कारागिराला तिने तार किती जाड, वेढे किती, लांबी किती, सगळं लिहून पाठवलं. त्याने दोनदा चुकीच्या पाठवल्या, तिसऱ्यांदा बरोबर. बूट, हेल्मेट घालून ती गाडीवर उभी राहायची, एका हाताने खांब धरायची, आणि चाचा चष्मा कपाळावर चढवून टेपने माप घ्यायचे. आधी रिकामी गाडी, मग स्वारासकट. फरक किती, ते भिंतीवर खडूने.

"चाळीस मिलिमीटर."

"कमी आहे. अजून पंधरा बसायला हवी."

"तू जेवत नाहीस म्हणून कमी," चाचा म्हणायचे, पण खडूने लिहायचे नीट.

मग रिबाउंडचा स्क्रू. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत वर यावी, ते त्या छोट्या स्क्रूवर ठरतं. फार आवळला तर गाडी मेल्यासारखी बसून राहते, फार सोडला तर गाढवासारखी लाथ मारते. पूर्ण बंद करायचा आणि एकेक क्लिक मोजत उघडत जायचं. रविवारी सकाळी ती भाट्याच्या खाडीपलीकडे एका सड्यावर जायची, एकच धोंडा वीस-वीस वेळा चढायची, एक क्लिक बदलायची, पुन्हा चढायची. पहिल्या महिन्यात मनगट सुजायचं. तिसऱ्या महिन्यात तिला कळलं की गाडी तिच्या मनातलं ओळखते. गुडघे वाकवले की गाडी बसायची, गुडघे सोडले की उठायची, जणू दोघी एकाच वेळी श्वास घ्यायच्या. त्या दिवशी कातळावर उभं राहून तिने ऋत्विकला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारच्या कुरणातल्या म्हशी मान वर करून बघायला लागल्या. ही गाडी तिला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवी होती.

क्लबातल्या ओमकारने तिला एकदा सड्यावर पाहिलं. हा ओमकार साधा, पोटात काही न ठेवणारा. त्याची गाडी तिने नीट करून दिली, मग आणखी दोघांची. पिवळ्या पट्ट्यांबद्दल ती कुणाजवळ एक अक्षर बोलली नाही.

जानेवारीच्या अखेरीला दुपारी वर्कशॉपसमोर एक पिकअप येऊन थांबली. मागे नवी कोरी ट्रायल्स गाडी बांधलेली. पुढून ऋत्विक उतरला. अंगाने सुटला होता, दाढी नीट कोरलेली, टी-शर्टवर टायर कंपनीचं नाव.

"सम्या!" तो हात पसरून म्हणाला. "ओमकार सांगत होता, तू सस्पेन्शनची डॉक्टर झालीस म्हणे. बरं झालं गं. पुण्याचा माझा मेकॅनिक ऐन वेळी आजारी पडलाय, आणि पंधरा दिवसांनी आपली सड्यावरची स्पर्धा. कंपनीचे लोक येणार आहेत, पुढच्या तीन वर्षांचं ठरणार आहे. ही नवी गाडी मला जमतच नाही बघ. करून दे ना."

समीक्षाने हातातला पाना खाली ठेवला.

"वजन?" तिने विचारलं.

"नव्वद असेल."

"काट्यावर उभा राहा." मासळीचा काटा शेजारीच होता. "अठ्ठ्याण्णव."

"बूट आहेत ना पायात!" तो हसला.

तिने गाडी स्टँडच्या घोड्यावर घेतली. पुढची स्प्रिंग त्याच्या वजनाला पुरेशी होती, मागची थोडी आवळावी लागली. मापं घेतली. मग मागच्या शॉकअपच्या बुडाशी असलेला रिबाउंडचा स्क्रू तिने पूर्ण बंद केला आणि मोजत उघडायला लागली. बाराव्या क्लिकला थांबायचं होतं. अठ्ठ्याण्णव किलोला ते बरोबर होतं.

ऋत्विक बाहेर फोनवर बोलत होता. युसुफचाचा नमाजाला निघाले होते. दारात ते थबकले, स्क्रूवरून न हललेल्या तिच्या बोटांकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी काय बघितलं नाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

तिने स्क्रू पुढे फिरवला. तेरा, चौदा, पंधरा. चोवीसपर्यंत, शेवटच्या टोकापर्यंत. आता ही गाडी सपाटीवर काही कळू देणार नाही. पण उंच कातळावरून खाली उतरताना मागचं चाक असं लाथाडेल, की स्वार हॅंडलवरून पुढे जाईल. हात पुढे करेल. मनगटावर पडेल. तिला ते पडणं आतून माहीत होतं, हाडाचा आवाजसुद्धा.

"बघ चालवून," तिने हाक मारली.

ऋत्विकने गाडी धक्क्यावर नेली, दोन-चार वेळा उड्या मारल्या, बर्फाच्या रिकाम्या पेट्यांवर चढवून उतरवली. मागचं चाक दर वेळी हिसका देत होतं, लांबून बघणाऱ्या समीक्षाला तो दिसत होता. तो परत आला तो खुशीत.

"मख्खन! काय हात आहे गं तुझा. एकदम परफेक्ट."

तिने त्याच्याकडे पाहिलं. याला कळलंच नव्हतं. "अंगात जोर आण" म्हणणाऱ्या या माणसाच्या पायाखाली गाडी लाथा मारत होती आणि त्याला पत्ता नव्हता. गाडीतलं त्याला काही समजत नव्हतं, समजत होतं ते एवढंच, की दुसऱ्याच्या फोर्कमध्ये काय घातलं की तो पडतो.

आणि मग तिच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं आलं. ऋत्विक पडेल. प्लॅस्टर घातलेल्या हाताचा फोटो टाकेल. हजार लोक हळहळतील. कंपनीचे लोक दवाखान्यात फुलं घेऊन जातील आणि म्हणतील, बिचारा, नाहीतर तोच जिंकला असता. नाही. त्याला ती हळहळ मिळू द्यायची नव्हती. धड हातापायांनी, धड गाडीवर, सगळ्यांसमोर तो हरायला हवा होता. बोट दाखवायला त्याला काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नव्हतं.

"थांब, एक राहिलंय," ती म्हणाली. तिने स्क्रू पुन्हा पूर्ण बंद केला आणि मोठ्याने मोजत बारापर्यंत उघडला. "आता उभा राहा. शेवटची मापं घेऊ. लिहून ठेवायला लागतात."

"थांब, थांब, रील बनवू!" त्याने मोबाइल खिडकीत टेकवला आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला. "तर मित्रांनो, आपली जुनी मैत्रीण समीक्षा, हिने आपल्या नव्या गाडीचं सेटिंग केलंय. सांग गं आकडे."

"पुढे पंचावन्न मिलिमीटर, मागे साठ. रिबाउंड बारा क्लिक."

"शंभर टक्के परफेक्ट!" ऋत्विक अंगठा दाखवत म्हणाला. "आता सड्यावर आपल्याला कोण हरवतो ते बघूच."

संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी ते बघितलं. समीक्षानेही बघितलं, तीनदा. मग तिने स्पर्धेचा अर्ज भरला.

स्पर्धेच्या सकाळी तिला नंबर लावून उभी पाहून ऋत्विकच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. लगेच तो मोठ्याने हसला. "अरे वा, कमबॅक! सांभाळून हां, मनगट."

सहा टप्पे होते, प्रत्येक दोनदा पार करायचा. मुख्य पंच रावजी सर, शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के, टोपी न काढणारे. पहिल्या फेरीअखेर समीक्षाचे गुण नऊ झाले, ऋत्विकचे सहा. लोकांनी तिला तीन वर्षांनी पाहिलं होतं, टाळ्या वाजवल्या, पण त्या धीर द्यायच्या टाळ्या होत्या. दुसऱ्या फेरीत ऊन चढलं. कातळ तापला, तसा ऋत्विक धापा टाकायला लागला. दोन टप्प्यांच्या मधे तो पाणी पिण्याआधी केस नीट करायचा, कारण कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन मागे होता. शेवटचा टप्पा उरला तेव्हा त्याचे एकूण नऊ होते आणि तिचे अकरा.

शेवटचा टप्पा कोरड्या पऱ्यातला. गोल धोंड्यांतून वाट काढायची, वळून कमरेच्या उंचीचा जांभ्याचा कातळ चढायचा, वरती जेमतेम गाडीच्या लांबीएवढी जागा, आणि तिथून पलीकडे सरळ खाली. आधी समीक्षाचा नंबर. कातळासमोर ती थांबली, गाडी जागच्या जागी तोलून. उजवं मनगट ठणकायला लागलं. हाच तो कातळ नव्हता, पण उंची तीच होती. तिने गुडघे वाकवले, गाडी बसली. तिने गुडघे सोडले.

पुढचं चाक कातळावर टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. मागचं चाक त्याच्यापाठी वर आलं, अलगद. वरती एक क्षण थांबून ती पलीकडे उतरली. पाय कुठेच टेकला नाही. रावजी सरांनी मूठ वर केली, म्हणजे शून्य. ओमकार गळा फाटेस्तोवर ओरडला. तिने वळूनही पाहिलं नाही. गाडी बाजूला लावून ती हाताची घडी घालून उभी राहिली, ऋत्विक दिसेल अशा जागी, आणि त्यालाही ती दिसेल अशी.

त्याने एकदाच पाय टेकला असता तरी तो जिंकला असता. गोल धोंड्यांतून तो नीट आला. वळणावर त्याचे पाय थरथरताना तिला दिसले. कातळासमोर त्याने गाडी दाबलीच नाही, नुसत्या हातांनी ओढायला गेला, नेहमीसारखी. चाक चढलं, गाडीचं पोट कातळाच्या कडेला अडकलं, इंजिन बंद पडलं, आणि ऋत्विक आडवा होऊन धोंड्यांत घसरला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. रावजी सरांनी पाची बोटं वर केली.

समीक्षाला आनंद झाला. स्वच्छ, भरपेट आनंद. ती तो लपवायला गेली नाही.

ऋत्विक उठला तोच ओरडत. "गाडीत गडबड केलीय हिने! सर, सेटिंग हिने केलंय, मुद्दाम बिघडवलंय! कातळावर गाडी बसतच नव्हती! मला पाडायला केलंय हिने!"

कंपनीचा कॅमेरा चालूच होता.

"मोजा," समीक्षा म्हणाली. "आकडे त्याच्याच रीलमध्ये आहेत. मोजा सर."

रावजी सरांनी टेप मागवला. ऋत्विकला गाडीवर उभं केलं. पुढे पंचावन्न. मागे साठ. मग सर स्वतः गुडघ्यावर बसले, स्क्रू बंद करत एकेक क्लिक मोठ्याने मोजत गेले. "दहा. अकरा. बारा. बंद." ते उठले, हात झटकले. "गाडी बरोबर आहे. तू थकलास, ऋत्विक."

"मला एक विचारायचंय," समीक्षा म्हणाली. आवाज चढवला नाही. "पडल्या पडल्या तुला पहिलं हेच कसं सुचलं, की कोणी तरी दुसऱ्याची गाडी आतून बिघडवू शकतं?"

तिने पाठीवरची पिशवी उतरवली आणि पंचांच्या टेबलावर रिकामी केली. दोन जाड स्प्रिंगा, दोन निळे तुकडे. "निवडीच्या दिवशी माझ्या फोर्कमध्ये हे होतं. आठवडाभर आधी यानेच घातलं, हलक्या स्प्रिंगा म्हणून."

पिवळे पट्टे क्लबात सगळ्यांना माहीत होते. आपल्या स्प्रिंगा दुसऱ्यांच्यात मिसळू नयेत म्हणून ऋत्विकने सगळ्यांसमोरच ते रंगवले होते.

"चुकून लागल्या असतील," ऋत्विक म्हणाला. "इतक्या गाड्या असायच्या माझ्याकडे. घाईत..."

"आणि पाइप?" रावजी सरांनी तुकडा उचलला. "दोन्ही एकसारखे कापलेत. हेही घाईत?"

ऋत्विक कसंनुसं हसत म्हणाला, "अहो, तेव्हा आम्ही पोरंच होतो. थोडी गंमत..."

गर्दीतून दिशा पुढे आली. दीड वर्षापूर्वी ती क्लब सोडून गेली होती, आज नुसती बघायला आलेली. "माझी गाडीपण अशीच उसळायची," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं मीच..." ओमकारने पाना आणला. तिची गाडी आता त्याच्या भावाकडे होती, तिथेच उभी. फोर्क उघडला. एकाच नळीत निघाला, पण निघाला. निळा तुकडा.

ऋत्विक पिकअपकडे चालू लागला. त्याला कोणी अडवलं नाही, कोणी हाकही मारली नाही.

कंपनीने आठवड्यात त्याचं नाव काढलं. स्टँडसमोरचा फलक एका सकाळी उतरवलेला दिसला, नुसती लोखंडी चौकट उरली. क्लब रावजी सरांनी हातात घेतला. समीक्षाला कंपनीचा फोन आला. तिने विचार करून सांगते म्हटलं, आणि अजून विचार करतेच आहे. तिला वाटलं होतं, आता रागाची ती थंड घट्ट गाठ सुटेल. सुटली नाही. थोडी सैल झाली, एवढंच.

महिन्याभराने ऋत्विक वर्कशॉपमध्ये आला. दाढी वाढलेली, साधा शर्ट. चाचा आत इंजिनाखाली होते, त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही.

"सम्या, माझ्याशी कोणी बोलत नाही," तो म्हणाला. "घरी बाबा बोलत नाहीत. तू फक्त दोन ओळी लिहून दे, की आपल्यात मिटलं. मी माफी मागतो. पाया पडू?"

"नको."

"मग काय हवं तुला? तू मला संपवलंस."

"हो," ती म्हणाली.

ती हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. "मी तीन वर्षं आरशात बघून स्वतःला भित्री म्हणत होते. तुला सगळं माहीत होतं, आणि एक दिवस बोलला नाहीस. तूही तीन वर्षं काढ. मग ये. मग बघू."

"आणि तेव्हाही नाही म्हणालीस तर?"

"म्हणेनही," ती म्हणाली. आपण हे किती सहज म्हणालो, याचं तिचं तिलाच थोडं नवल वाटलं. वाईट मात्र वाटलं नाही.

तो गेल्यावर युसुफचाचा इंजिनाखालून सरकत बाहेर आले. त्यांनी हात पुढे केला.

"सतराचा पाना दे गो. दाभोळची बोट हाय, चार वाजता घ्यायला येतील."

तिने पाना दिला आणि बाही वर करून त्यांच्या शेजारी आडवी झाली.